सहा लिटरची पैज

मी शाळेत विज्ञान शिकवते. शरीराला पाणी का लागतं, मीठ का लागतं, हे सातवीच्या वर्गाला सांगण्यात माझी सोळा वर्षं गेली. तरीही मागच्या चैत्रात, माहेरच्या जत्रेत, मी पाण्यामुळे दवाखान्यात पडले. पाणी न प्यायल्यामुळे नव्हे, प्यायल्यामुळे. ही गोष्ट मी आजवर कोणाला धड सांगितली नव्हती, कारण सांगायला लागलं की लोक पहिल्यांदा हसतात आणि मग विचारतात, "तुम्ही विज्ञानाच्या ना?"

सुरुवात माझ्या वेंधळेपणापासून करायला हवी. गॅसवर दूध ठेवून मी शाळेत गेलेय. सातवी ब ऐवजी आठवी अ मध्ये जाऊन अर्धा तास शिकवून आलेय, आणि पोरंही इतकी द्वाड, की एकानेही सांगितलं नाही. कोरेगावला उतरायचं सोडून रहिमतपूरला उतरलेय. हे सगळं मी 'स्वभाव' या नावाखाली चाळीस वर्षं खपवलं. माझे यजमान मात्र सरकारी कचेरीतले. त्यांना प्रत्येक गोष्टीची फाइल लागते. त्यांनी कुठेतरी मोठ्या माणसांच्या एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराबद्दल वाचलं, आणि एका रविवारी माझ्या पुढ्यात कागद ठेवला. त्यावर माझ्या गेल्या तीन महिन्यांच्या चुका लिहिल्या होत्या, तारीखवार.

"हे काय?"

"डॉक्टरांना दाखवायला."

मी चिडले, मग कागद वाचला, मग हसले. त्यातल्या निम्म्या चुका मला आठवतही नव्हत्या. जायला तयार झाले, पण एका अटीवर. साताऱ्याला जायचं नाही. साताऱ्यात मानसोपचाराच्या पायऱ्या चढताना मावसबहीण, मुख्याध्यापिका किंवा दूधवाला, तिघांपैकी एक तरी भेटणारच. मिरजेला जाऊ. कोरेगावातून थेट गाडी आहे, आणि मिरजेला गेलेल्या माणसाला कोणी 'का गेला होता' विचारत नाही. फार तर 'कोण आजारी आहे' एवढंच विचारतात.

मिरजेच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी प्रश्न मला विचारले, उत्तरं बहुतेक यजमानांनी दिली. दोन-तीन फेऱ्या झाल्या, रक्तदाब बघून झाला, आणि मला गोळी सुरू झाली. लक्ष टिकवणारी, उत्तेजक प्रकारातली. सकाळी एक.

गोळीने काय केलं ते सांगते. पहिल्या आठवड्यात मी चाचणीचे सगळे पेपर एका बैठकीत तपासले. आयुष्यात पहिल्यांदा. उठले तेव्हा पेपर संपल्याचं दुःख झालं. पण त्याबरोबर भूक गेली. दुपारचा डबा जसाच्या तसा घरी यायला लागला. तोंड असं कोरडं, की जीभ टाळूला चिकटायची आणि 'प्रकाशसंश्लेषण' म्हणताना टकटक आवाज यायचा. आणि संध्याकाळी डोकं दुखायचं. पाणी प्यायचं लक्षातच यायचं नाही. तसंही शाळेत मी पाणी कमीच प्यायचे. आमच्या शाळेत शिक्षिकांचं स्वच्छतागृह मैदानाच्या पलीकडे, आणि त्याची किल्ली शिपाईमावशींच्या कनवटीला. किल्ली मागितली की मावशी विचारणार, "आत्ताच?" या एका प्रश्नामुळे आमच्या शाळेतल्या निम्म्या बायका दिवसभर घोटाघोटावर काढतात.

पुढच्या फेरीला मी डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. आता घोळ असा, की त्या दिवशी मी गोळी घेतलीच नव्हती. गाडीत झोप काढायची होती. त्यांच्या खोलीत माशांची काचपेटी होती, आणि त्यात एक पिवळा मासा दुसऱ्या पिवळ्या माशाच्या मागे लागला होता. बाई म्हणाल्या, "पाणी वाढवायला हवं. बाटली जवळ ठेवा, आठवण लावून ठेवा..." इथपर्यंत मी ऐकलं. पुढचं बहुधा माशांनी ऐकलं. यजमान तेव्हा बाहेर औषध घ्यायला गेले होते. बाईंनी कागदावर काहीतरी लिहून दिलं. तो कागद यजमानांनी घरी आल्यावर भोकं पाडून फाइलला लावला.

त्याच दिवशी मिरज स्टेशनवर आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक भेटले. त्यांची आत्या दवाखान्यात होती.

"बाई, तुम्ही इकडे? कोण आजारी आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आजारी कोणी नाही. तंबोरा बघायला आलो होतो."

सरांचे डोळे विस्फारले. "तुम्ही गाता?"

"थोडंसं," मी म्हणाले. आता मिरजेत तंबोरे होतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून थाप पटण्याजोगी होती. पण तिला पाय फुटतील हे मला सुचलं नव्हतं. सोमवारी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं लपवून ठेवलंत की!" आणि शनिवारची प्रार्थना माझ्याकडे आली. पेटीवर साथ करायला एक सर, पुढे ध्वनिक्षेपक, समोर साडेपाचशे मुलं आणि मी.

माझ्या गाण्याबद्दल एवढंच सांगते, की दुसऱ्या शनिवारी पेटीवाल्या सरांनी मध्येच वाजवायचं थांबवून माझ्याकडे काळजीने पाहिलं.

इकडे घरी पाण्याचा उपक्रम सुरू झाला होता. यजमान कचेरीच्या कामाने सांगलीला गेले, तिथून त्यांनी दोन लिटरची बाटली आणली. जांभळी. तिच्यावर रेघा आणि रेघांसमोर तास. नऊ वाजता इथपर्यंत, अकराला इथपर्यंत. मध्ये मध्ये इंग्रजीतून शाबासकी. त्यांनी माझ्या फोनमध्ये स्वतःच्या आवाजात गजर भरून ठेवला: "पाणी प्या." कचेरीत लोकांना 'उद्या या' म्हणतात ना, त्याच सुरात. पहिल्यांदा तो आठवीच्या वर्गात वाजला. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांनी आज्ञाधारकपणे बाटल्या काढल्या. तिसऱ्या दिवसापासून गजर व्हायच्या आधीच पोरं माझ्या पर्सकडे बघत बसायची.

खरं सांगायचं तर त्या एका बाटलीने काम झालं होतं. दोन लिटर दिवसभरात, थोडं थोडं. संध्याकाळची डोकेदुखी गेली. तिथे थांबले असते तर हे लिहायला विषयच उरला नसता. पण तोंड कोरडं ते कोरडंच होतं, आणि तोंड कोरडं म्हणजे तहान, असा माझा हिशेब. आणि मग शिक्षकखोलीत क्रीडाशिक्षक म्हणाले, "दोन लिटर म्हणजे काहीच नाही हो बाई. मी चार पितो."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "मी सहा पिते."

"रोज?"

"रोज."

"सलग आठवडाभर पिऊन दाखवा."

"दाखवते. हरलात तर शनिवारची प्रार्थना वर्षभर तुमची."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर मी दोन गाणी म्हणेन."

खोलीतल्या सगळ्यांनी एकमुखाने ही अट बदलायला लावली. शेवटी ठरलं ते असं: दोघांनीही रोज सहा लिटर प्यायचं, रविवार ते शनिवार. बाटली रिकामी झाली की फोटो पाठवायचा, रोज तीन. जो आधी चुकेल त्याच्या गळ्यात प्रार्थना.

पहिले दोन दिवस मजा आली. मैदानाच्या पलीकडच्या फेऱ्या इतक्या वाढल्या, की मावशींनी कंटाळून किल्ली माझ्याच गळ्यात बांधली. बुधवारी डोकं जड वाटायला लागलं. मी म्हटलं, पाणी कमी पडत असेल. गुरुवारी अंगठी निघेना. शुक्रवारी सकाळी एकदा उलटी झाली, ती मी यजमानांपासून लपवली. नाहीतर त्यांनी तिची नोंद केली असती. डबा रोज परत येत होता, तो मी घराच्या कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घालत होते आणि घरी 'छान होती भाजी' म्हणत होते. कुत्रं त्या आठवड्यात चांगलंच सुधारलं.

शनिवार पैजेचा शेवटचा दिवस, आणि नेमकी त्याच दिवशी माहेरची जत्रा. शाळेतून रजा घेऊन मी आदल्या दिवशीच गेले. वडूजच्या पुढे, माणदेशाकडे तोंड केलेलं आमचं गाव. वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते ऐन उमेदीची वर्षं मेंढरांमागे चालले. दरसाल पावसाळा सरला की कळप घेऊन घाट उतरायचे आणि उन्हाळा संपता संपता परत यायचे. आता पंचाहत्तरी आली. थोडी ज्वारी, आठ-दहा मेंढरं, आणि उरलेला वेळ अंगणात लिंबाखालच्या बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची उलटतपासणी.

सकाळी मी गोळी घेतली, आबांनी विचारलं तेव्हा 'लक्षाची' म्हणून सांगितलं, वर अर्धा कप चहा घेतला, आणि बाटली घेऊन आबांच्या बाजेशी बसले.

"ही काय पिकावर रोगार मारायची बाटली हाय?" आबांनी विचारलं.

"पैज हाय आबा. सहा लिटर प्यायचं."

"कुनासंगं?"

"शाळेतल्या सरांसंगं."

"जिकलीस तर काय मिळनार?"

"शनवारी गायला लागणार न्हाई."

आबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. लहानपणी मी गात असताना कुत्री उठून जायची, हे त्यांना आठवलं असावं. "मग जिक," ते म्हणाले.

अकरा वाजेपर्यंत दोन बाटल्या झाल्या. तिसरी संध्याकाळपर्यंत निवांत संपवायची होती. पण भावाने सांगितलं, की दुपारी जत्रेला गर्दी वाढली की फोनची रेंज जाते, ती अंधार पडेपर्यंत येत नाही. फोटो गेला नाही तर पैज गेली. म्हणून मी तिसरी बाटली तासाभरात संपवली. घशाखाली उतरत नव्हती, ढकलली. फोटो काढला, पाठवला, पोचल्याच्या दोन खुणा आल्या. आणि जिंकल्याच्या आनंदात उठले तर अंगण एका बाजूने वर आलं.

डोकं फुटायच्या बेताला आलं होतं. उलटी झाली. स्वयंपाकघरातून वहिनी धावत आली, तिच्यामागून आलेल्या-गेलेल्या पाहुण्या बायका. जत्रेचं मटण चुलीवर सोडून सगळ्या माझ्याभोवती. मला तोंड पुसायला टॉवेल हवा होता. मी म्हणाले, "वहिनी, डस्टर द्या."

"काय द्या?"

"डस्टर." मला ते चुकतंय हे कळत होतं, पण बरोबरचा शब्द काही केल्या सापडत नव्हता.

"वन्संला ऊन बाधलं बघा," वहिनी म्हणाली. "पानी आना, पानी!"

तांब्या आला. एकीने कांदा आणला, एकीने डोक्यावर ओला पंचा टाकला. चारी बाजूंनी 'पी, पी' सुरू. मी माहेरवाशीण, नाही कशी म्हणू? दोन पेले प्यायलेही. तिसरा पेला वहिनीने ओठाला लावला तेव्हा आबा बाजेवरून उठून आले.

"थांबा. पानी देऊ नका तिला."

"आवं मामंजी, उनानं झालंय. पानी न्हाई द्यायचं तर काय द्यायचं?"

"उनात गेलीच कवा ती? सकाळपासनं माझ्याशेजारी सावलीत बसलीया. बसून पितीया." आबा माझ्यासमोर उकिडवे बसले. "काय खाल्लंस सकाळपासनं?"

"काही नाही, सर," मी म्हणाले.

आबांना मी सर म्हणाले, हे ऐकून एक-दोन बायका हसल्या. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेऊन बोटं दाबून पाहिली. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

"लय दिसाची तहानलेली मेंढरं आम्ही एकदम पान्यावर सोडत नव्हतो," ते भावाला म्हणाले. "मिठाबिगरची मेंढरं पोट फुटंस्तोवर पेली, की पाय फाकून हुबी ऱ्हात्यात आन् मान हलवत्यात. दोन कोकरं अशीच गेली माझ्या डोळ्यांदेखत. गाडी काढ. आत्ता."

भावाची छोटी मालगाडी होती. मला पुढे बसवलं. जत्रेच्या गर्दीतून निघताना मी खिडकीतून सगळ्यांना हात करत होते म्हणे. मला आठवत नाही. आबा मागे हौद्यात, मांडीवर ती जांभळी बाटली घेऊन.

वडूजच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनीही पहिल्यांदा 'ऊन का?' असंच विचारलं. आबांनी बाटली टेबलावर ठेवली. "ह्या तीन. दुपारच्या आत. पोटात अन्न न्हाई. आन् कसली तरी लक्षाची गोळी खाती."

डॉक्टरांनी बाटलीवरच्या रेघा वाचल्या आणि ते लगेच उठले. रक्त घेतलं. थोड्या वेळाने येऊन म्हणाले, "रक्तातलं मीठ फार खाली आलंय. पाण्यामुळे पातळ झालंय." यजमानांकडून नंबर घेऊन त्यांनी मिरजेच्या बाईंना फोन लावला, दोघांचं बोलणं झालं. मग एक छोटीशी सलाइनची बाटली लावली, आणि नर्सला सांगितलं, की थेंब मोजत इथेच बसायचं, घाई करायची नाही.

आबा खवळले. "डाक्टर, मी तिचं पानी बंद केलं आन् तुमी नळीतनं घालताय व्हय?"

"आजोबा, हे मिठाचं पाणी आहे. चांगलं खारट."

"किती खारट?"

डॉक्टरांना हसू आलं. "चाखायला नाही देता येणार."

आबांचं समाधान झालं नाही. ते नर्सच्या समोर दुसऱ्या स्टुलावर बसून राहिले आणि त्यांनीही थेंब मोजले. संध्याकाळी मी टॉवेलला टॉवेल म्हणाले, तेव्हाच ते चहा प्यायला बाहेर गेले.

तोवर यजमान फाइल घेऊन कोरेगावातून आले होते. चेहरा उतरलेला. खाटेच्या कडेला बसून त्यांनी मिरजेचा तो कागद काढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो उलटा केला. मागच्या बाजूला बाईंच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'दिवसाला साधारण दोन ते अडीच लिटर. थोडं थोडं. फार जास्त नको. जेवण चुकवू नका.' त्यातल्या 'फार' या शब्दाच्या मधोमध फाइलचं भोक पडलं होतं.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती कोणाची चूक, यावर आम्ही त्या दिवशी बोललो नाही. नंतर बरंच बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं हलकं होतं आणि पोटात भुकेची खरीखुरी कळ आली. वहिनीने पाठवलेली भाकरी आणि रस्सा डॉक्टरांना विचारून खाल्ला. करमेना म्हणून फोन काढला आणि पैजेचे फोटो बघत बसले. माझे एकवीस, सरांचे एकवीस. माझ्या फोटोंत बाटलीच्या मागे कधी घर, कधी शिक्षकखोली, कधी आबांची बाज. सरांच्या सगळ्या फोटोंत एकच फरशी. आणि फरशीवर, बाटलीच्या डाव्या बाजूला, एक मेलेला मुंगळा. रविवारीही तोच मुंगळा. बुधवारीही. शनिवारीही, त्याच जागी, पाय वर करून.

मी तिथूनच फोन लावला.

"सर, तुमच्या घरी केर काढत नाहीत का?"

"काय झालं बाई?"

"मुंगळा आठवडाभर तसाच आहे."

पलीकडून बारीक आवाज आला, "बाई, एकवीस फोटो मी रविवारीच काढून ठेवले होते. एवढं पाणी माणूस पितो का कधी? मला वाटलं, तुम्हीही तसंच करत असाल."

"मी सलाइनवर आहे," मी म्हणाले.

माणूस इतका घाबरला, की संध्याकाळी कोरेगावाहून वडूजला आला. हातात शहाळी. दारातच आबांनी अडवलं. "त्यात पानी असतं. त्ये तुमी प्या." आणि खरंच, समोर उभं राहून त्याला दोन शहाळी प्यायला लावली.

बुधवारी आम्ही मिरजेला गेलो. रक्त पुन्हा तपासलेलं, आकडा जागेवर आलेला. आबा बरोबर यायला हटून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी या खेपेला माझी खुर्ची फिरवून काचपेटीकडे पाठ करून ठेवली.

"आता मी सांगते, आणि तुम्ही मला परत म्हणून दाखवायचं," त्या म्हणाल्या. "या गोळीने तोंड कोरडं पडतं. कोरडं तोंड म्हणजे प्रत्येक वेळी तहान नव्हे. चूळ भरा, बडीशेप चघळा, एखादा घोट घ्या. बाटली संपवायची नाही."

"कोरडं तोंड म्हणजे तहान नव्हे," मी म्हणाले.

"गोळीने भूकही मरते. जेवण गेलं की जेवणातलं मीठ गेलं. त्यावर नुसतं पाणी ओतलं की काय होतं, ते तुम्ही बघितलंत. म्हणून गोळीच्या आधी पोटभर न्याहारी. दुपारी भूक नसली तरी दोन घास. पाणी दोन-अडीच लिटर. त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरा. उन्हात हिंडलात, घाम आला, तर थोडं जास्त, आणि सोबत मीठ घातलेलं ताक किंवा सरबत. पण एका बैठकीत लिटरभर कधीच नाही."

"आणि पुरेसं झालं हे कसं ओळखायचं?" यजमानांनी विचारलं. वही काढली होती.

"लघवी फिकट पिवळी असली की पुरे. गडद असली तर थोडं वाढवा. नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ असली तर थांबा. आणि डोकं दुखून उलट्या झाल्या, बोलण्यात गोंधळ झाला, तर घरी उपाय करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि हा आकडा यांच्यापुरता लिहा. मूत्रपिंडाचा, हृदयाचा त्रास असेल त्याचा वेगळा."

यजमानांनी सगळं लिहून घेतलं, एकाच बाजूला.

आता आबांनी बाईंच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे एक पाण्याची बाटली होती, टोपणाचं सीलही न तोडलेली. "आन् तुमी किती पेला सकाळपासनं?"

बाईंनी बाटलीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे दोन वाजले होते. "अजून... वेळच नाही मिळाला."

"मग सांगताय कशाला? फोडा ती."

बाईंनी निमूटपणे सील तोडलं. बाहेर रुग्णांची रांग होती, पण आबा त्या चार घोट पिईपर्यंत उठले नाहीत. "बास," चौथ्या घोटाला ते म्हणाले. "जेवल्यावर बाकीचं."

त्याच्या पुढच्या शनिवारी क्रीडाशिक्षकांनी प्रार्थना म्हटली. ठरल्याप्रमाणे वर्षभर म्हणणार आहेत. मला वाटलं होतं, आता मुलं त्यांना हसतील. तर काय सांगायचं, माणसाचा आवाज इतका गोड लागला, की पेटीवाल्या सरांचे डोळे भरून आले, आणि मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही यांना शिकवलंत का हो?" मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते त्यांच्यावर सोडलं.

गोळी पुन्हा सुरू आहे, कमी ताकदीची. न्याहारीला दोन भाकऱ्या. दुपारी डब्यातली एक पोळी मी शिपाईमावशींसमोर बसून खाते, कारण त्या खोटं खपवून घेत नाहीत. यजमानांचा गजर मी काढून टाकला. आता दुपारी एक वाजता आबांचा फोन येतो. ते नमस्कार-चमत्कार काही करत नाहीत.

"जेवलीस?"

"हो."

"काय?"

"पोळी आणि वांगं."

"लई खोटं बोलतीस. काल बी वांगंच म्हनलीस."

"आबा, खरंच वांगं होतं, दोन दिवस."

"दादल्याला सांग, भाजी बदल म्हनावं," असं म्हणून ते फोन ठेवतात. मी पेलाभर पाणी पिते आणि पाचव्या तासाला वर्गावर जाते. बहुतेक वेळा बरोबर वर्गावर.